शेवटच्या रांगेपासून सुरुवात: लाइव्ह साउंडसाठी पॉवर ॲम्प्लिफायर कसा निवडावा

नव्याने साउंडचा धंदा सुरू करणारा मुलगा दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा आहे?" दुकानदार खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो, थोडी घासाघीस होते आणि ॲम्प टेम्पोत चढतो. ज्या टॉपला (मधले आणि उंच सूर वाजवणाऱ्या वरच्या बॉक्सला) तो जोडायचा त्याचा माहितीचा कागद घरी कपाटात पडलेला असतो. ज्या मैदानात तो वाजायचा त्याचा तर विषयही निघत नाही. पुढच्या हंगामात तोच मुलगा जळक्या कॉइलचा बेस (खालच्या सुरांचा स्पीकर) घेऊन रिकोनिंगवाल्याच्या, म्हणजे स्पीकरची कॉइल आणि पेपर बदलून देणाऱ्याच्या, दारात उभा दिसतो. असे बरेच जण मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ॲम्प उलट्या दिशेने निवडायचा. आधी शेवटच्या रांगेत बसलेला माणूस, मग स्पीकर, मग ओहम, मग गावची वीज आणि वायर. हे सगळं कळलं की वॅटचा आकडा आपोआप समोर येतो. तो निवडावा लागत नाही.

हिशोब कोरडा होऊ नये म्हणून एक ठरावीक सेट धरू. तालुक्याच्या गावातला साउंडवाला आहे. आज हरिनाम सप्ताह, पुढच्या आठवड्यात जत्रेतला ऑर्केस्ट्रा, डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं त्याच सामानावर. उघडं मैदान, ६०० ते ७०० माणसं, शेवटची रांग स्पीकरपासून २५ मीटरवर. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन टॉप आणि दोन १८ इंची बेस. स्टेजवर कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे चार मॉनिटर.

तुमचं काम दोन-तीनशे माणसांच्या हॉलपलीकडे जाणार नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आतच ॲम्प बसवलेले पॉवर्ड स्पीकर घ्या. त्यात ॲम्प, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारा) आणि लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज रोखणारा) कारखान्यानेच एकमेकांना जुळवून दिलेले असतात. वेगळा ॲम्प घेण्याला अर्थ येतो तो सेट मोठा असेल, बॉक्स पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) असतील किंवा पुढे वाढवत न्यायचे असतील तेव्हा.

पहिली पायरी: मैदान मोजा

टेप नसेल तर पावलं टाका, पण मोजा. मग तीन गोष्टी पाठ करा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ॲम्पचे वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडं थांबा. १००० वॅटऐवजी १४०० वॅटचा ॲम्प घेतला तर फरक पडतो दीड डेसिबलचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो कळतही नाही. त्याच पैशात ९५ ऐवजी ९८ डेसिबल संवेदनशीलतेचा (१ वॅटला १ मीटरवर मिळणाऱ्या आवाजाचा) स्पीकर मिळाला, तर तेवढ्यानेच ॲम्प दुप्पट केल्याचा परिणाम साधतो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी स्पीकरमध्ये घाला.

आता लक्ष्य ठरवा. कीर्तनाला शब्द कळायला हवा, त्यासाठी शेवटच्या रांगेत सरासरी ८० ते ८५ डेसिबल पुरतात. ऑर्केस्ट्रा किंवा लावणीला ९२ ते ९५ मागतात. पण हे झाले सरासरीचे आकडे. पखवाजावरची थाप, ढोलकीची तोड, टाळांचा एकत्र झणत्कार हे क्षणभर सरासरीच्या १२, १५, कधी त्याहूनही जास्त डेसिबल वर उसळी मारतात. १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट हे आठवा. सरासरीला १०० वॅट लागत असतील तर त्या एका थापेला दीड हजारांच्या पुढे लागतात. ॲम्पचा आकार ठरतो तो या उसळीवर.

डीजेच्या गाण्याचा स्वभाव याच्या अगदी उलटा. ते स्टुडिओतच दाबून सपाट केलेलं असतं, त्यामुळे त्यात उसळी आणि सरासरीत ६ ते ८ डेसिबलचंच अंतर उरतं. तिथे ॲम्पला झेप घ्यायची नसते, चार तास ओझं वाहायचं असतं. एकच ॲम्प दोन्ही कामांना सारखा चांगला असेल असं समजू नका. भजनी मंडळात उत्तम चाललेला ॲम्प वरातीत तासाभरात गरम होऊन बंद पडतो, त्याचं कारण हेच.

कायद्याचाही आकडा इथेच बघून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणून मैदान लांबलचक असेल तर पुढच्या टॉपना ताकद देत बसण्यापेक्षा मध्यावर दुसरी जोडी उभी करा आणि तिला डिले द्या, म्हणजे तिचा आवाज थोडा उशिरा सोडा. ३० मीटरला साधारण ८७ मिलिसेकंद. पहिल्या रांगेतल्या पोरांचे कान वाचतात आणि मागच्यांना कीर्तन स्पष्ट ऐकू येतं.

दुसरी पायरी: स्पीकरचा कागद वाचा

स्पीकरच्या कागदावर वॅटचे तीन आकडे असतात. एईएस किंवा आरएमएस म्हणजे सतत सोसण्याची क्षमता. प्रोग्रॅम म्हणजे त्याची दुप्पट. पीक म्हणजे चौपट. ४५० वॅट एईएसचा टॉप त्यामुळे ९०० प्रोग्रॅमचा आणि १८०० पीकचा होतो. बॉक्सच्या मागे रंगीत अक्षरांत "१८०० वॅट" छापलेलं असतं ते हे. खरेदीला उपयोगी आकडा पहिला. तो कागदावर नसेल तर तो स्पीकर घेऊच नका.

आपल्या सेटमध्ये टॉप ४५० वॅट एईएस, ८ ओहम आणि ९८ डेसिबल संवेदनशीलतेचा धरू, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ९८. बेस ८०० वॅट एईएस, ८ ओहम. मॉनिटर ३०० वॅट एईएस, ८ ओहम.

आता ताळा करू. एका टॉपला ९०० वॅट मिळाले तर १ वॅटपेक्षा साडेएकोणतीस डेसिबल जास्त, म्हणजे १ मीटरवर साडेएकशेसत्तावीस. २५ मीटरवर जाईपर्यंत २८ डेसिबल गळतात, उरले साडेनव्याण्णव. शेजारी दुसरा टॉप असल्याने साधारण ५ मिळतात, पलीकडच्या बाजूचे आणखी ३. बेरीज १०७ च्या आसपास. उसळीसाठी १२ बाजूला ठेवले तर सरासरी ९५ डेसिबल क्लिपशिवाय, म्हणजे लाटेचे शेंडे न कापता, मिळतात. ऑर्केस्ट्राला हवे होते तेवढेच. कीर्तनाला ८५ पुरतात, म्हणजे दहावा हिस्सा ताकद, आणि उरलेली सगळी जागा पखवाजाला.

हा ताळा जमला नसता तर? मोठा ॲम्प शोधायचा नसतो. स्पीकर वाढवायचे असतात किंवा जवळ आणायचे असतात.

तिसरी पायरी: ओहम

८ ओहमचा एक बॉक्स म्हणजे ८, समांतर दोन म्हणजे ४, चार म्हणजे २. एवढं सगळ्यांना येतं. पण ८ ओहम हा नावापुरता आकडा असतो. प्रमाणानुसार बॉक्सचा ओहम काही फ्रिक्वेन्सींना लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे ८ चा ६.४. चार बॉक्स एका चॅनलला लावले की २ चा १.६ होतो, आणि ॲम्पला तेवढा करंट ओतावा लागतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे. ॲम्प २ ओहमला चालतो असं कागद म्हणत असला तरी तो ४ ओहमवर वापरायचा. २ ओहम हे अडीनडीला, एक ॲम्प गेला तर रात्र निभावण्यासाठी राखून ठेवायचं. मे महिन्यात दुपारी चारच्या उन्हात साउंड चेक चालू असताना हा नियम किती मोलाचा आहे ते कळतं.

ब्रिजबद्दल. ब्रिज म्हणजे ॲम्पचे दोन चॅनल मिळून एकच मोठा चॅनल करणं. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो. ८ ओहमचा बेस ब्रिजवर लावला तर आतल्या प्रत्येक चॅनलला ४ ओहम लागलेले असतात. ४ ओहम ब्रिज म्हणजे आत २. दोन ८ ओहमचे बेस ब्रिजला लावून "ॲम्प सारखा प्रोटेक्शनला जातो" अशी तक्रार करणाऱ्यांनी हे तपासावं. ब्रिजची वायर स्पीकॉनमध्ये (स्पीकरच्या गोल प्लगमध्ये) बहुधा १+ आणि २+ वर असते. चुकून तीच वायर टॉपला गेली तर हॉर्नचा डायफ्रॅम गेलाच म्हणून समजा. ब्रिजच्या वायरींना दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा.

चौथी पायरी: आता वॅट

एईएसच्या दीडपट ते दुप्पट, हा संगीतासाठी नीट चालणारा नियम. टॉपला ७०० ते ९०० वॅट. दोन टॉप एका चॅनलला, म्हणून ४ ओहमला १४०० ते १८०० वॅट. बेसला प्रत्येकी १२०० ते १६००, म्हणजे ४ ओहमला २४०० ते ३२०० वॅट चॅनल. मॉनिटरचे दोन-दोन एका चॅनलला, ४ ओहमला ९०० वॅटच्या आसपास. झाले तीन ॲम्प: टॉपसाठी १६०० चा, बेससाठी २८०० चा आणि मॉनिटरसाठी ९०० चा, प्रत्येक दोन चॅनलचा.

"स्पीकरपेक्षा मोठा ॲम्प लावला तर जळणार नाही का?" हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. कॉइल जळते सरासरी उष्णतेने. मोठा ॲम्प उसळी स्वच्छ पार पाडतो आणि मधल्या वेळात कॉइलला गार व्हायला फुरसत मिळते. लहान ॲम्प आवाज अपुरा पडला म्हणून ताणला की लाटेचे शेंडे कापले जातात. शेंडे कापलेली लाट जवळजवळ चौकोनी होते, आणि पूर्ण चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट ताकद असते. वर दाबून भरलेल्या आवाजाला फुरसतही उरत नाही. पॅसिव्ह टॉपमध्ये या कापाकापीतून तयार झालेले उंच सूर थेट हॉर्नकडे जातात आणि तो आधी जातो. लहान ॲम्पने स्पीकर जळतो तो ॲम्प लहान म्हणून जळत नाही, ताणल्यामुळे जळतो. मोठा ॲम्पही ताणला तर जाळणारच. म्हणून दुप्पटची मोकळीक लिमिटर असेल तरच. लिमिटर नसेल आणि मिक्सरवर दर वेळी वेगळा माणूस बसत असेल, तर एईएसइतकाच ॲम्प लावा.

ॲम्पच्या कागदावरचा आकडा कसा मोजला तेही बघा. १ किलोहर्ट्झला, १ टक्का विकृतीला, एकच चॅनल चालवून मोजलेला आकडा फुगलेला असतो. २० ते २०,००० हर्ट्झ, दोन्ही चॅनल एकदम, असं लिहिलेलं असेल तर तो आकडा विश्वासाचा. क्लास डी (स्विचिंगवर चालणाऱ्या हलक्या) ॲम्पचे मोठे आकडे बऱ्याचदा काही मिलिसेकंदांच्या झटक्याचे असतात. टॉपसाठी ते चालतं, कारण तिथे झटकेच लागतात. बेसमध्ये सूर दोन-दोन सेकंद धरला जातो. तिथे झटक्याचा आकडा निरुपयोगी.

एक झटपट परीक्षा: ॲम्पचा मेन फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट आत येणार. तेवढं आत घेऊन कुठलाही ॲम्प सतत ५००० वॅट बाहेर देऊ शकत नाही. आतल्या कपॅसिटरच्या साठ्यावर क्षणभर देईल, पण सतत नाही.

पाचवी पायरी: कुठला क्लास

क्लास म्हणजे ॲम्पची आतली रचना. क्लास एबी आणि एच, त्यांत लोखंडी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर. वजन २५ ते ३५ किलो. क्लास डी, त्यात स्विचिंग सप्लाय. वजन १० ते १२ किलो. क्लास एबीची कमाल कार्यक्षमता कागदावरच ७८.५ टक्के आहे, आणि नेहमीच्या वाजवण्यात ती ३५-४० च्या घरात घुटमळते. बाकी सगळी उष्णता. क्लास डी ८५ टक्क्यांच्या पुढे जातो.

मग सगळ्यांनी क्लास डीच का घेऊ नये? दुरुस्तीमुळे. ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर गेले तर तालुक्याचा चांगला मेकॅनिक पुण्यात बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग मागवून दोन दिवसांत चालू करून देतो. स्विचिंग सप्लायचा ॲम्प गेला की बहुतेकदा अख्खी प्लेटच (सर्किट बोर्डच) बदलावी लागते, आणि ती प्लेट वितरकाकडे असेल तेव्हा मिळते. लग्नसराईत पंधरा दिवस ॲम्प बाहेर असणं म्हणजे पंधरा सुपाऱ्या भाड्याच्या ॲम्पवर करणं. खरेदीआधी वितरकाला विचारा की या मॉडेलची प्लेट आत्ता कपाटात आहे का, आणि असली तर ती प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

माझा कल असा: टॉप आणि मॉनिटरला क्लास डी, बेसला जड ट्रान्सफॉर्मरचा क्लास एच. हमाली वाढते, पण बेसच्या खाली दम टिकतो. चांगल्या नावाचा, पॉवर फॅक्टर सुधारणारा (मेनमधून विनाकारण जास्त करंट न ओढणारा) सप्लाय असलेला क्लास डी परवडत असेल तर बेसलाही तोच घ्या. स्वीडनच्या लॅब ग्रुपेनच्या एफपी मालिकेसारख्या बनावटीचे कितीतरी ॲम्प आज बाजारात आहेत, वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. झाकण उघडून बघितल्याशिवाय त्यातला कुठलाही घेऊ नका. मोठ्या कपॅसिटरची संख्या, हीटसिंकला ट्रान्झिस्टर नीट दाबून बसवलेत का, पंख्यांची प्रत, एवढं तर डोळ्यांनी दिसतं.

पंख्याची दिशाही बघा. काही ॲम्प हवा पुढून घेऊन मागे फेकतात, काही उलट. एका रॅकमध्ये दोन्ही दिशांचे घातले तर एकाचा गरम श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो. आणि जत्रेची धूळ: पुढचा स्पंज दर दोन कार्यक्रमांनी धुवा.

सहावी पायरी: गावची वीज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ॲम्प जळण्याचं सर्वांत मोठं कारण मी स्पीकरच्या बाजूला नाही, प्लगच्या बाजूला पाहिलं आहे.

आधी गरज. तिन्ही ॲम्पचे वॅट जोडले की सुमारे १०,६०० होतात. पण संगीत चालू असताना सरासरी त्याच्या एक अष्टमांश बाहेर पडतं, म्हणजे १३०० वॅटच्या आसपास. क्लास डीसाठी मेनमधून साधारण १९०० वॅट लागतील. क्लास एबीसाठी साडेतीन हजार, आणि पॉवर फॅक्टर धरला तर ५ केव्हीए, म्हणजे २२ अँपिअर. डीजेसाठी अष्टमांशाऐवजी चतुर्थांश धरा, सगळे आकडे जवळपास दुप्पट होतात. साउंडला एकट्याला १५ केव्हीएचा जनरेटर मिळाला तर निर्धास्त राहा. दिव्यांबरोबर एकच जनरेटर असेल तर किमान वेगळा एमसीबी मागून घ्या.

मग व्होल्टेज. साध्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प २३० ऐवजी १९० व्होल्टवर चालला तर त्याची ताकद ३२ टक्क्यांनी उतरते. १००० वॅटचा ॲम्प ६८० चा होतो आणि नेहमीच्या ठिकाणी ठेवलेला फेडर क्लिप लाइट पेटवायला लागतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, गावातले सगळे पंप आणि दिवे चालू असताना, १९० ही काही जगावेगळी गोष्ट नाही. नियंत्रित सप्लायचा क्लास डी इथे खरा उपयोगी पडतो. कागदावर तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचा.

आणि न्यूट्रल. एका जत्रेत मंडपाच्या डीपीतला (वीज वाटणाऱ्या पेटीतला) न्यूट्रल सैल होता. ऑर्केस्ट्राच्या तिसऱ्या गाण्याला स्टेजचे दिवे एकदम लख्ख झाले, आणि मी मेन पाडेपर्यंत माझे दोन ॲम्प गेले होते. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की दोन फेजवरचे लोड एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांच्यात ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं. तेव्हापासून माझ्या डीपीत जास्त आणि कमी व्होल्टेजला मेन तोडणारा प्रोटेक्टर आहे, १८० च्या खाली आणि २६५ च्या वर. ॲम्पच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. तो आधी घ्या, ॲम्प नंतर. जोडणीआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा. शेवटचा आकडा काही व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. न्यूट्रलचा स्क्रू आपल्यासमोर आवळून घ्या.

हमिंग येतं म्हणून ॲम्पची अर्थिंगची पिन कापणारे अजून आहेत. कृपा करून हे करू नका. माइक हातात धरलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. मिक्सर आणि ॲम्प एकाच डीपीतून घ्या, बॅलन्स्ड वायर (सिग्नलच्या दोन तारा आणि शील्ड असलेली) वापरा, कीबोर्डला डीआय बॉक्स (त्याचा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. हमिंग जातं.

सातवी पायरी: वायर

२.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर ३० मीटर टाकली तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं होतं, सुमारे ०.४५ ओहम. ४ ओहमच्या जोडीला त्यातून १९ टक्के ताकद कमी मिळते. ॲम्पच्या कागदावरचा ५०० चा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा पेपर लगेच थांबवण्याची पकड) या वायरीच्या टोकाला ९ उरतो आणि बेस ढिला वाजतो. हीच वायर ५ मीटर असेल तर तोटा चार टक्क्यांच्याही आत. म्हणून रॅक मिक्सरजवळ ठेवायचा नाही, स्टेजच्या बाजूला स्पीकरजवळ ठेवायचा, आणि लांबचा पल्ला एक्सएलआरच्या सिग्नल वायरीने गाठायचा. शक्य असेल तर डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे रॅक करा. डॅम्पिंग फॅक्टर बघून ॲम्प निवडण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

गावभर लावायचे कर्णे हा वेगळा प्रकार आहे. ते १०० व्होल्ट लाइनवर चालतात, त्यात ओहमचा हिशोब नसतो, प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या वॅटची बेरीज करायची आणि ॲम्पच्या ८० टक्क्यांवर थांबायचं. साधा ॲम्प त्यांना लावू नका.

आठवी पायरी: गेन आणि लिमिटर

ॲम्प घेताना मागे गेन किंवा इनपुट संवेदनशीलतेचा स्विच आहे का ते बघा. सगळ्या ॲम्पना एकच गेन ठेवायचा, ३२ डेसिबल, म्हणजे इनपुटच्या ४० पट व्होल्ट. १६०० वॅटच्या ॲम्पला ४ ओहमवर ८० व्होल्ट लागतात, म्हणजे मिक्सरकडून २ व्होल्ट. ०.७७५ व्होल्टच्या सेटिंगवर हाच ॲम्प शंभरपटीहून जास्त वाढवतो आणि शांत क्षणी हॉर्नमधून सूं आवाज येत राहतो. कीर्तनात तो फार खटकतो.

ॲम्पची बटणं अर्ध्यावर ठेवली म्हणजे स्पीकर सुरक्षित, हा समज मनातून काढून टाका. बटण फक्त गेन कमी करतं. मिक्सरने दुप्पट ढकललं की ॲम्प पुन्हा तेवढीच ताकद देतो. सुरक्षा लिमिटर देतो. ८०० वॅट, ८ ओहमच्या बेससाठी ८०० गुणिले ८, त्याचं वर्गमूळ ८० व्होल्ट. ४० ने भागलं की इनपुटला २ व्होल्ट. प्रोसेसरमधला (मिक्सर आणि ॲम्पच्या मधे बसणाऱ्या यंत्रातला) आरएमएस लिमिटर तिथे लावा. सलग चार तास डीजे असेल तेव्हा मी तो ७० व्होल्टच्या हिशोबावर, म्हणजे ६०० वॅटच्या आसपास आणतो. पीक लिमिटर १६० व्होल्टवर. आणि बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केला आहे तिच्या खालचं, साधारण ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं, कापून टाका. तिथे पेपर मोकाट हलतो आणि आवाज काहीच येत नाही. हा लो कट आणि लिमिटर ॲम्पमध्येच असेल तर वेगळा प्रोसेसर घ्यावा लागत नाही, हे किमतीची तुलना करताना धरा.

नववी पायरी: दुकानात

आपला एक बेस, आपला एक टॉप, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि फोनमध्ये ५० हर्ट्झचा सूर घेऊन जा. सूर स्पीकरवर मोठ्याने वाजवायचा नाही, कॉइल जाईल. त्यासाठी खोटं लोड लागतं. १५०० वॅटच्या पाण्याच्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. नऊ रॉड समांतर जोडून पाण्याच्या पिंपात बुडवले की ३.९ ओहम तयार. हे मेकॅनिक सोबत असतानाच करा, आणि चालू असताना पाण्याला हात लावू नका.

सूर वाढवत न्या, क्लिप लाइट लुकलुकला की थांबा आणि आउटपुटचे व्होल्ट वाचा. व्होल्टचा वर्ग भागिले ३.९, हे त्या ॲम्पचे खरे वॅट. आता दहा सेकंद तसंच धरा. व्होल्ट ८० वरून ६० वर घसरले तर तो ॲम्प बेसचा नव्हे. दोन्ही चॅनल एकदम चालवून हेच पुन्हा करा, त्यासाठी रॉडचा दुसरा संच लागेल. दुकानातला मेन त्या वेळी किती होता तेही लिहून ठेवा, नाहीतर २४० वरचं माप १९० च्या गावात फसवेल.

त्यानंतर रॉड काढून टॉप लावा, इनपुट रिकामं ठेवा आणि कान हॉर्नजवळ न्या. सूं किती, गूं किती. मग ॲम्प बंद-चालू करा. चालू होताना स्पीकरमध्ये ठोका बसत असेल तर आउटपुट रिले उशिरा जोडत नाही किंवा मुळात नाहीच. दुकानदार हे सगळं करू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. करू देत असेल तर मोजलेले व्होल्ट बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबरच्या खाली लिहून घ्या. वर्षाने ॲम्प दुरुस्त होऊन परत येईल, तेव्हा तीच मोजणी पुन्हा करून बिलावरच्या आकड्याशी ताडून बघता येईल.